मृग बहाराची तीन स्पेलिंग: सामायिक कोडमधील शैलीचे एक प्रकरण

हे प्रकरण नागपुरात चालणाऱ्या एका मुक्त-स्रोत प्रकल्पाचे आहे. काटोल, नरखेड आणि वरूड या पट्ट्यातील संत्रा बागायतदारांच्या गटांना आपल्या बागांच्या नोंदी एका ठिकाणी ठेवता याव्यात, म्हणजे कोणत्या बागेत मृग की आंबिया, कोणता बहार (फुलोऱ्याचा हंगाम) धरला, ताण कधी दिला (झाडांचे पाणी कधी तोडले), पाणी कधी सोडले, तोड किती झाली आणि माल कळमन्याच्या बाजारात काय भावाने गेला हे पुढच्या हंगामातही पाहता यावे, यासाठी हे सॉफ्टवेअर लिहिले गेले. कोड पायथनमध्ये आहे आणि तो लिहिणारे लोक एका छपराखाली बसत नाहीत. त्यांत अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आहेत, गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये नोकरी करून रविवारी वेळ देणारे लोक आहेत, आणि नोकरीसाठी पुण्याला-हैदराबादला गेलेले पण प्रकल्प न सोडलेले काही जुने सहकारी आहेत. येणारा कोड तपासून मर्ज करण्याचे, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळण्याचे, काम आम्ही काही जण मेंटेनर म्हणून करतो. मी त्यांपैकी एक आहे आणि पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांतील बऱ्याच माझ्या आहेत.

सुरुवात एका तीन ओळींच्या दुरुस्तीपासून झाली. मिहानमध्ये काम करणाऱ्या एका सहकाऱ्याने वजनाच्या हिशेबातील चूक सुधारून पाठवली होती. भरलेल्या कॅरेटच्या वजनातून रिकाम्या कॅरेटचे वजन वजा करायचे, एवढाच तो विषय होता. पण पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, उघडली तेव्हा अख्खी फाइल वरपासून खालपर्यंत आधी लाल आणि मग हिरवी दिसत होती, जणू जुना मजकूर पुसून नवा लिहिला होता. मी रात्री उशिरा ती वाचायला बसलो. कोणत्या तीन ओळी खरोखर बदलल्या आहेत ते शोधता शोधता डोळे थकले, सहकारी अनुभवी आहे म्हणून विश्वास ठेवला आणि बदल मर्ज केला. त्या तीन ओळींपैकी एक चुकीची होती. रिकाम्या कॅरेटचे वजन आता दोनदा वजा होत होते. दोन दिवसांनी एका गटाचा फोन आला की पावतीवरचे वजन आणि काट्यावरचे वजन जुळत नाही.

फाइल पूर्ण बदललेली का दिसली, याचे कारण साधे आणि डोळ्यांना न दिसणारे होते. विंडोजवरील बरेच एडिटर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे ठेवतात, लिनक्सवर तेथे एकच चिन्ह असते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट दोन आवृत्त्यांची तुलना ओळीओळीने करते, त्यामुळे ओळीच्या शेवटचे अदृश्य चिन्ह बदलले तरी गिटच्या लेखी ती सगळी ओळ बदलते. शिवाय त्या सहकाऱ्याच्या एडिटरने जुने टॅब काढून त्या जागी चार-चार स्पेस घातले होते. त्याने यातले काहीही हेतुपुरस्सर केले नव्हते. त्याने फाइल उघडली, तीन ओळी सुधारल्या आणि जतन केली, बाकीचे काम त्याच्या यंत्राने आपल्या सवयीने केले.

या प्रसंगानंतर आम्ही संपूर्ण कोड शांतपणे चाळला आणि एकाच घरात चार पिढ्यांची चार वेगवेगळी भांडी मांडलेली असावीत तसे चित्र दिसले. ज्यांनी प्रकल्प सुरू केला ते सी भाषेत वाढलेले होते. लिनक्स कर्नलच्या शैलीनियमांत इंडेंटेशनसाठी, म्हणजे ओळ आत सरकवण्यासाठी, आठ अक्षरांचा टॅब सांगितला आहे आणि तीच सवय त्यांनी पायथनमध्ये आणली. महाविद्यालयात जावा शिकून आलेल्या मुलांनी नावे उंटाच्या पाठीसारखी लिहिली, म्हणजे दोन शब्द जोडून दुसऱ्याचे पहिले अक्षर मोठे. पायथन शिकूनच आलेल्यांनी पेप ८ पाळला. पायथनच्या शैलीचे हे मार्गदर्शन २००१ पासून आहे आणि ते चार स्पेस, लहान अक्षरे आणि शब्दांमध्ये अधोरेखा सुचवते. या सर्वांच्या सवयी आपापल्या जागी योग्य होत्या, ही गोष्ट मला मुद्दाम नोंदवावीशी वाटते, कारण शैलीची चर्चा सुरू झाली की समोरचा माणूस गबाळा आहे असे गृहीत धरण्याची खोड आपल्यापैकी अनेकांना असते. एका फाइलीत मात्र टॅब आणि स्पेस एकाच ब्लॉकमध्ये असे मिसळले गेले की पायथन ३ ने ती चालवण्यासच नकार दिला. या भाषेत इंडेंटेशन हा व्याकरणाचा भाग असल्यामुळे निदान तेथे यंत्रानेच दार अडवले.

आमच्यातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे मत होते की शैली म्हणजे रंगरंगोटी, भिंत उभी आहे ना, मग रंग कोणता याने काय फरक पडतो. त्यांचा अनुभव मोठा असल्याने या मताला नीट उत्तर देणे आवश्यक होते. मी त्यांच्यासमोर २०१४ चे एक उदाहरण ठेवले. ॲपलच्या सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या सी कोडमध्ये एका अटीखालची उडी मारण्याची ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. महिरपी कंस नसल्यामुळे त्या अटीचा अंमल पहिल्या ओळीपुरताच होता, पण दुसरी ओळही तितकीच आत सरकवलेली असल्यामुळे वाचणाऱ्याला ती अटीखालचीच वाटे. प्रत्यक्षात ती प्रत्येक वेळी चालत असे आणि सर्व्हरच्या स्वाक्षरीची तपासणी वगळली जात असे. इंडेंटेशन एक सांगत होते आणि कोड दुसरे करत होता. पुढे २०१६ मध्ये, सी कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसीच्या सहाव्या आवृत्तीत अशा फसव्या इंडेंटेशनबद्दल इशारा देण्याची सोय आली. त्या सहकाऱ्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “ठीक आहे, पण नियम लिहायचे तर मग सगळ्यांनी पाळायचे.” ते पाळले कसे जातील, याचा विचार आम्ही तेव्हा केला नाही.

आम्ही नियमपुस्तिका लिहिली. ती चांगली होती असे मला आजही वाटते. मोकळ्या ओळी किती, अवतरणचिन्हे एकेरी की दुहेरी, दुसरीकडचा कोड आयात करणाऱ्या ओळींचा क्रम कोणता, हे सगळे तिच्यात कारणांसह होते. ती लांब होती आणि ती कोणी वाचली नाही. नवीन येणारा मुलगा किंवा मुलगी एखादी चूक सापडली म्हणून उत्साहाने येते, तिला आधी पंधरा पाने वाचायची असतात हे ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी पंधरा पानांतले तपशील कोड लिहिताना हाताशी राहत नाहीत. त्यामुळे पुस्तिकेतला प्रत्येक नियम शेवटी रिव्ह्यू करणाऱ्याच्या तोंडून बाहेर पडू लागला. आम्ही पंतोजी झालो आणि तपासणी म्हणजे वहीतल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल रेघा ओढणे झाले.

हिंगणा रस्त्यावरील एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीने त्या काळात आपला पहिला बदल पाठवला. तिचे घर नरखेडकडचे, वडिलांची संत्र्याची बाग. झाडांना ताण दिल्यापासून किती दिवस झाले आणि जमिनीच्या प्रकारानुसार पाणी केव्हा सोडावे हे सुचवणारे फंक्शन तिने लिहिले होते. मी त्यावर ओळीने टिप्पण्या केल्या. येथे स्पेस हवी, येथे नको, ही ओळ लांब आहे, हे अवतरणचिन्ह एकेरी असावे. तिने दोन दिवसांत सगळे सुधारून पाठवले. मग दुसऱ्या मेंटेनरने पाहिले आणि अवतरणचिन्हे दुहेरी करायला सांगितले, कारण पुस्तिकेतील त्या नियमाचा अर्थ त्याने वेगळा लावला होता. त्यावर तिने एकच वाक्य लिहिले: “दादा, दिवस मोजणं बरोबर आहे का, ते कोणी सांगितलंच नाही.” त्यानंतर तिच्याकडून काही आले नाही.

मी माझ्या सगळ्या टिप्पण्या पुन्हा वाचल्या. त्यांतली एकही टिप्पणी दिवसांच्या हिशेबाबद्दल नव्हती. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला जास्त दिवस लागतात आणि हलक्या जमिनीत कमी, ही गोष्ट तिने कोडमध्ये आणली होती. आमच्यापैकी कोणालाही ती तिच्याइतकी ठाऊक नव्हती, आणि आम्ही तिच्याशी मोकळ्या जागांबद्दल बोलत राहिलो. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान हेच होते. कॅरेटचे वजन दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाले, पण बाग जाणणारे माणूस प्रकल्पापासून दूर गेले होते.

यानंतर धरमपेठेत एका सहकाऱ्याच्या घरी आम्ही रविवारी बसलो आणि कोडची मांडणी फॉरमॅटरच्या, म्हणजे यंत्राच्या हाती द्यायची का, यावर बोललो. ही कल्पना नवी नव्हती. गो भाषा २००९ मध्ये जगासमोर आली तेव्हापासून तिच्यासोबत गोएफएमटी हा फॉरमॅटर आहे आणि त्यात शैली निवडण्याची मुभा जवळजवळ नाही, त्यामुळे त्या भाषेत मांडणीवरून फारसे वाद होत नाहीत. पायथनसाठी ब्लॅक हा फॉरमॅटर २०१८ पासून उपलब्ध आहे. जँगोसारख्या जुन्या आणि मोठ्या प्रकल्पाने २०२२ च्या फेब्रुवारीत आपला सगळा कोड त्यातून काढला होता. आम्हीही ब्लॅक घ्यावे यावर लवकर एकमत झाले. गाडी अडली ती ओळीच्या लांबीवर.

पेप ८ म्हणतो ७९ अक्षरे, आणि एखाद्या गटाचे एकमत असेल तर ९९ पर्यंत जाता येते. ब्लॅक मूळ ठेवणीत ८८ धरते. ऐंशीच्या आकड्याचे मूळ आयबीएमच्या १९२८ मधील ऐंशी स्तंभांच्या छिद्रपत्रापर्यंत जाते आणि नंतरच्या टर्मिनलांनी तीच रुंदी पुढे चालवली. लिनक्स कर्नलमध्ये तपासणीच्या स्क्रिप्टने इशारा देण्याची मर्यादा २०२० मध्ये शंभरावर नेली, तरी शैलीनियमांत ऐंशीलाच पसंती राहिली. आमच्यातही रुंद पडद्यावर काम करणारे शंभर मागत होते आणि बसमध्ये मोबाइलवर रिव्ह्यू करणारे ऐंशी. तासभर ऊहापोह झाल्यावर ज्येष्ठ सहकाऱ्यांनीच तोडगा काढला. त्यांनी विचारले की ब्लॅकमध्ये आपण काहीच न बदलता जी लांबी मिळते ती ठेवली तर कोणाचे कोणते काम अडेल. कोणाचेच अडत नव्हते. ८८ हा आकडा सर्वांत योग्य आहे म्हणून आम्ही तो घेतला नाही. तो घेतल्याने ती चर्चा कायमची संपत होती म्हणून घेतला. शैलीच्या बहुतेक प्रश्नांत कोणते उत्तर स्वीकारले यापेक्षा एकच उत्तर स्वीकारले गेले याला मोल असते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

मराठी मजकुराने येथे एक लहानशी अडचण उभी केली. ‘क्षेत्र’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोड या अक्षरसंकेतात तो क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र असा सात चिन्हांचा असतो, आणि पायथनला त्याची लांबी विचारली तर ती सात सांगते. त्यामुळे बागायतदारांना दिसणारे मराठी संदेश ज्या ओळींत होते त्या ओळी पडद्यावर आखूड दिसूनही लिंटर, म्हणजे शैली तपासणारे साधन, त्यांना लांब ठरवत असे, आणि मुले सुबक मराठी वाक्ये मोडून त्यांचे तुकडे करत असत. शेवटी सर्व मराठी संदेश कोडमधून काढून भाषांतराच्या वेगळ्या फाइलींत नेले. हे काम खरे तर आधीच व्हायला हवे होते. त्याचा आणखी एक लाभ असा झाला की मराठी सुधारण्यासाठी कोड न येणारी माणसेही हात लावू शकली.

संपूर्ण कोड एकदम नव्या मांडणीत आणण्याला दोन आक्षेप होते आणि दोन्ही रास्त होते. पहिला असा की प्रत्येक ओळ कोणी, केव्हा आणि का लिहिली हे गिट ब्लेममधून कळते. सगळ्या ओळी एका दिवसात एका माणसाच्या नावावर गेल्या तर तो इतिहास झाकला जाईल. याला उत्तर तयार होते. २०१९ मधील गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून काही ठरावीक कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, वगळून ब्लेम पाहता येते, त्यासाठी त्या कमिटची नावे एका फाइलीत लिहून ठेवावी लागतात. मात्र यासाठी मांडणीच्या कमिटमध्ये मांडणीखेरीज दुसरे काहीही नसले पाहिजे. एखादी लहान चूक दिसली म्हणून जाता जाता सुधारली, तर ती सुधारणाही त्या पडद्याआड जाते. ब्लॅक स्वतः बदलानंतर कोडचा व्याकरणवृक्ष, म्हणजे मांडणी वगळून उरणारी रचना, आधीसारखाच आहे का हे तपासते, त्यामुळे अर्थ बदलला नाही याची बरीचशी खात्री यंत्रानेच दिली.

दुसरा आक्षेप अर्धवट कामांचा होता. कित्येकांच्या ब्रँच, म्हणजे कोडच्या वेगळ्या फाट्यावर चाललेल्या कामांच्या प्रती, अजून मर्ज व्हायच्या होत्या आणि नवी मांडणी आली की त्या सगळ्या अडकणार होत्या. आम्ही आधी दोन आठवडे नवीन काम थांबवून जुन्या पुल रिक्वेस्ट मार्गी लावल्या. तरी ज्या उरल्या त्यांच्यासाठी पायऱ्या ठरवल्या: आधी आपली ब्रँच मांडणीच्या अगदी आधीच्या कमिटपर्यंत आणायची आणि तेथे काही भांडण असेल तर ते नेहमीप्रमाणे सोडवायचे, मग मांडणीचे कमिट मर्ज करताना जेथे टक्कर होईल तेथे सरसकट आपली बाजू ठेवायची, आणि शेवटी आपल्या फाइलींवर फॉरमॅटर चालवायचा. हे तोंडी सांगून कोणाला समजत नव्हते. म्हणून एका शनिवारी आम्ही तिघे व्हिडिओ कॉलवर बसून राहिलो आणि ज्याची ब्रँच अडली त्याच्यासोबत ती सोडवली. ओळीच्या शेवटच्या अदृश्य चिन्हांचा बंदोबस्त रिपॉझिटरीतच, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यातच, एक गिटॲट्रिब्यूट्सची फाइल ठेवून केला, जेणेकरून विंडोजवर काहीही उघडले तरी साठवताना लिनक्सची एकच पद्धत राहील. ज्या एका फाइलीमुळे हे सगळे सुरू झाले तिची पुढची दुरुस्ती चार ओळींची आली आणि रिव्ह्यूमध्ये चारच ओळी दिसल्या.

एक अपवाद आम्ही मुद्दाम ठेवला. कोणत्या महिन्यात कोणत्या बहाराचे कोणते काम, याचा एक तक्ता कोडमध्ये होता आणि तो हाताने स्तंभांत मांडलेला असल्यामुळे बागेतला माणूसही पडद्यावर बोट ठेवून तपासू शकत असे. फॉरमॅटरने त्याची मांडणी मोडली आणि स्तंभ नाहीसे झाले. ब्लॅकमध्ये एखादा भाग जसाच्या तसा ठेवण्याची खूण करता येते, ती तेथे वापरली आणि का वापरली हे वर एका वाक्यात लिहिले. कारण लिहिल्याशिवाय अशी खूण करायची नाही, एवढा एक नियम त्यातून जन्मला.

इथवरचे काम यंत्राने केले. पुढचे यंत्राच्या आवाक्याबाहेरचे होते, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तेथे आहे.

मृग बहार हा शब्द कोडमध्ये रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिलेला सापडला. काहींनी म-कारानंतर ‘आर-आय’ लिहिले होते, काहींनी ‘आर-यू’, आणि काहींनी ‘आर-यू’ लिहून शेवटी ‘ए’ जोडला होता. प्रथम हा निष्काळजीपणा वाटला. पण कोणी काय लिहिले ते पाहिल्यावर उलगडा झाला. ऋ हा स्वर मराठी माणूस रु-कडे झुकवून उच्चारतो आणि हिंदी माणूस रि-कडे. नागपूर हे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते. येथे मराठी आणि हिंदी शेजारी-शेजारी नांदतात आणि आमच्या कोड देणाऱ्यांतही दोन्ही घरांतली मुले आहेत. ज्याच्या घरी जसा मृग उच्चारला जातो तसा तो फाइलीत उतरला होता. आंबियाचेही तसेच झाले होते, तेथे तर सुरुवातीचा स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावरून मराठीतच दोन पद्धती आहेत. फॉरमॅटरला हे सगळे शब्द तितकेच शुद्ध वाटतात. मृगाशी संबंधित सगळा कोड शोधायचा असेल तर मात्र तीनदा शोधावे लागे, आणि तिसऱ्यांदा शोधायचे लक्षात राहत नसे.

यावर देवनागरीतच नावे लिहावीत अशी सूचना एका विद्यार्थ्याने केली आणि ती आम्ही गांभीर्याने तपासली. पायथन ३ मध्ये ‘मृग’ हे व्हेरिएबलचे, म्हणजे मूल्य साठवणाऱ्या जागेचे, नाव म्हणून चालते. पण ‘तोडणाऱ्या’ यासारख्या शब्दात अडचण आली. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ वापरला जातो आणि दुसऱ्यात साध्या र नंतर एक शून्य रुंदीचे जोडणारे चिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पहिला प्रकार पायथन स्वीकारते, दुसऱ्यातले अदृश्य चिन्ह नावात चालत नाही म्हणून त्रुटी दाखवते. ज्या प्रकल्पाचा त्रासच अदृश्य चिन्हांपासून सुरू झाला होता त्याने आणखी अदृश्य चिन्हे ओढवून घेणे शहाणपणाचे नव्हते. नावे रोमनमध्येच राहिली, पण मला ती सूचना मनापासून आवडली होती.

स्पेलिंगपेक्षा गंभीर प्रश्न अर्थाचा निघाला. अनेक ठिकाणी वर्षासाठी एकच साधे व्हेरिएबल होते. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे त्याच वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडली जातात. मृगाची फुले जून-जुलैत येतात, पण फळे निघतात पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बागेच्या नोंदी लिहिणाऱ्याने वर्ष म्हणजे बहार धरल्याचे वर्ष मानले. विक्रीचा भाग लिहिणाऱ्याने विक्रीचे वर्ष मानले. हिशेब जुळवणाऱ्या तिसऱ्याने एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष डोक्यात ठेवले. त्यामुळे २०२२ च्या जूनमध्ये धरलेला आणि २०२३ च्या मार्चमध्ये विकलेला मृग अहवालात २०२३ च्या आंबियाशी जाऊन मिळे. आंबियाच्या बाबतीत धरल्याचे आणि विकल्याचे वर्ष एकच असल्यामुळे निम्म्या नोंदी अगदी बरोबर येत, आणि त्यामुळेच ही चूक इतके दिवस कोणाला टोचली नाही. तिन्ही फायलींची मांडणी तोपर्यंत निर्दोष झालेली होती.

येथे मला त्या विद्यार्थिनीची आठवण झाली. मी तिला फोन केला, आधीच्या रिव्ह्यूबद्दल मनापासून क्षमा मागितली आणि तिचे फंक्शन आम्ही तसेच घेतले असून त्याची मांडणी यंत्राने केली आहे हे सांगितले. मग विचारले की तुमच्याकडे मृगाचे वर्ष कोणते धरतात. ती म्हणाली की बाबांनाच विचारा. पुढच्या रविवारी ती वडिलांना घेऊन आली. काकांनी प्रश्न ऐकला आणि एका दमात उत्तर दिले: “आमी त मृग ज्या साली धरला त्याच सालचा म्हंतो. इकाले मंग शिमगा लागो नाही त पाडवा.” आमच्या तीन प्रकारच्या वर्षांचा निकाल या दोन वाक्यांत लागला. बहारवर्ष हा शब्द तेथेच ठरला, विक्रीची तारीख पूर्ण तारीख म्हणूनच साठवायची हे ठरले, आणि नुसते ‘वर्ष’ हे नाव कोडमध्ये यापुढे वापरायचे नाही हेही ठरले.

त्यातून शब्दसूची तयार झाली. पंधरा पानांची पुस्तिका आम्ही काढून टाकली. तिच्या जागी नवीन येणाऱ्यासाठी एक पान आहे आणि त्याला जोडून ही सूची. सूचीत प्रत्येक बागायती शब्दाचे एकच रोमन स्पेलिंग, मराठीत एका वाक्याचा अर्थ आणि चुकीची पण नेहमी आढळणारी स्पेलिंग दिली आहेत. मृगासाठी ‘आर-यू’ घेतले, कारण ज्या पट्ट्यासाठी हे काम चालले आहे तेथील बागायतदार तसा उच्चार करतात, आणि हिंदी घरांतल्या मुलांनी ते कारण ऐकून आनंदाने मान्य केले. सूचीतली चुकीची स्पेलिंग शोधणारी एक छोटी स्क्रिप्ट आम्ही लिहिली, ती योग्य शब्द सुचवते. नवा शब्द सूचीत घालण्यासाठी मात्र बाग जाणणाऱ्या किमान एका माणसाची संमती लागते.

मांडणीची तपासणी दोन ठिकाणी होते. स्वतःच्या संगणकावर कमिट करतानाच फॉरमॅटर चालावा अशी सोय दिली आहे, पण गिटमध्ये अशा हुक (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) रिपॉझिटरीसोबत आपोआप उतरत नाहीत, प्रत्येकाला त्या एकदा बसवाव्या लागतात आणि नवखा माणूस ते विसरतो. म्हणून सर्व्हरवरही तीच तपासणी आहे. तिचा संदेश आधी यंत्राने बनवलेला रुक्ष इंग्रजी मजकूर होता आणि तो लाल फुलीसह येत असे. आता तेथे मराठीत असे लिहिले आहे: “तुमचा कोड चुकीचा आहे असे हा संदेश म्हणत नाही. फक्त मांडणी जुळलेली नाही. खाली दिलेली आज्ञा एकदा चालवा आणि पुन्हा पाठवा, पुढचे आम्ही पाहतो.” या तीन-चार वाक्यांवर आम्ही बराच वेळ खर्च केला आणि तो वेळ मला अजिबात जास्त वाटत नाही. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला आमच्याकडून मिळणारा पहिला शब्द बहुतेक वेळा हाच असतो.

माणसाने करायच्या रिव्ह्यूसाठी आता एकच दंडक आहे: जे यंत्र सांगू शकते ते माणसाने सांगायचे नाही. स्पेस चुकली आणि यंत्राने पकडली नाही तर मेंटेनर ती स्वतः सुधारतो किंवा सोडून देतो. पहिली टिप्पणी कामाच्या अर्थाबद्दलच असली पाहिजे, मग ती शंका असो, प्रश्न असो किंवा हे बरोबर आहे असे साधे वाक्य असो. सुरुवातीला हे जमवताना मलाच जड गेले. हात आपोआप अवतरणचिन्हांकडे जात असे.

ती विद्यार्थिनी कोड अजूनही क्वचितच पाठवते, पण शब्दसूचीतील बदलांना तिची मान्यता लागते आणि ती ते काम फार काटेकोरपणे करते. सध्या तिच्यापुढे ‘ताण’ हा शब्द आहे. रोमनमध्ये तो ‘टी-ए-एन’ असा लिहिला की गणितातील त्याच नावाच्या फंक्शनशी गोंधळ होतो आणि एका फाइलीत तसा गोंधळ झालाही आहे. ‘ए’ दोनदा लिहावा की ‘ताणदिवस’ असा जोडशब्द करावा, यावर काकांचे मत मागवले आहे. डेटाबेसमधला जुना ‘वर्ष’ हा स्तंभ आम्ही अजून काढलेला नाही, कारण काही गट त्यावरून आपल्या तक्त्यांची बेरीज करतात. सध्याच्या मृगाची विक्री पूर्ण होईपर्यंत तो आणि ‘बहारवर्ष’ असे दोन्ही स्तंभ शेजारी-शेजारी भरले जातील.